पाठीवरची जागा

डाव्या बरगडीवरचा तो पट्टा पोटापर्यंत न पोचता मध्येच तुटलेला, आणि तुटल्या जागी एवढासा ठिपका... वैभवीनं फोटो आणखी मोठा केला. नागपुरातल्या या कार्यालयात तिचं काम एवढंच – जंगलातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले वाघ पट्ट्यांवरून ओळखायचे. माणसाचा चेहरा एक वेळ विसरेल ती, पट्टा नाही. उमरेडकडे गेल्या आठवड्यात मोहफुलं वेचणारी बाई ज्यानं मारली तो वाघ हाच, एवढं तिनं कळवलं की त्याला धरायला गाडी निघणार होती. ओळख तर सकाळीच पटली होती. मग दुपार झाली, कूलरमधलं पाणीही संपत आलं, तरी ती बघत काय बसली होती?

पाठ. वाघाच्या पाठीवरची मोकळी जागा.

तीन वर्षांपूर्वी मोह वेचतानाच तिचे बाबा, रुपराव, गेले, तेव्हाच्या फोटोतही हाच तुटका पट्टा होता. इथं कुणाला हे ठाऊक नव्हतं. गावाला मात्र याहून जास्त ठाऊक होतं – वाघानं नेलेला माणूस त्याच वाघाच्या पाठीवर बसून रानात फिरतो. म्हणून मोहाखाली बाबांच्या नावाचा शेंदूर लावलेला दगड आहे, आणि आई, प्रयागबाई, त्या दगडाशी बसून घरच्या गोष्टी सांगते... गाय व्याली, विहिरीवरची मोटर जळाली. फोनवर लेकीला विचारते, बाबा दिसले का. कॅमेऱ्यात फक्त वाघ येतो गं आई, म्हणून वैभवी हसण्यावारी नेते, आणि फोन ठेवला की पुढच्या फोटोत तिची नजर आधी पाठीवर जाते, मग पट्ट्यांवर. एम.एस्सी. झालेली मुलगी! स्वतःचंच हसू येई तिला.

वाघ धरला की जन्मभर पिंजऱ्यात. म्हणजे आईचा नवरा दुसऱ्यांदा जाणार, तोही लेकीच्या हातानं. आणि नाही कळवलं तर... मोह अजून गळतोच आहे. उद्या उजाडताच टोपल्या घेऊन बायका निघतील.

शेवटी तिनं आईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"धरू दे," आई म्हणाली. "नाही तं आनखी कोनाची माय जाईन." मग म्हणाली, "पन पिंजऱ्याचं छत उंच ठेवाले सांगजो वं त्याह्यले. तुहे बाबा पाठीवर बसून राह्यतात. डोकसं लागन."

वैभवीनं फोन ठेवला आणि पाठवायचा अहवाल उघडला.

ओळख पटली, असं तिनं लिहिलं. बोटं तिथंच थांबायला हवी होती, पण ती पुढे लिहीत गेली – पिंजऱ्याचं छत... किती उंच? बाबांची उंची किती होती? घराच्या दारातून आत येताना ते वाकायचे, टोपी एका हातानं धरून, एवढं आठवतं... ते दार केवढं होतं? तिनं डोळे मिटले. ती त्या दाराशी उभी होती, लहान, मान वर करून – आणि वाकून आत येणारा तो चेहरा नीट दिसेपर्यंत तिला डोळे उघडायचे नव्हते.