चावीकाकांची दोन मिनिटं

"या शहराच्या पाण्याचं भवितव्य आज, याच सभागृहात, आपण सर्वांनी मिळून ठरवायचं आहे!" फिल्म क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी जाहीर केलं. त्यांनी टाळ्या घेतल्या, आणि माइक बंद झाला असं समजून शेजारी विचारलं, "संडासाला कुलूप कोणी ठोकलं?"

"मीच!" मागच्या दारातून शिपाई ओरडला. "आत पाणी नाही!"

स्टेजवर तीन खुर्च्या होत्या. पहिल्या खुर्चीत प्राध्यापक होते. जमिनीखालच्या पाण्याबद्दल त्यांना इतकं ठाऊक होतं की जमिनीवरच्या पाण्याकडे बघायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. मधल्या खुर्चीत पाणीखात्याचे साहेब, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले. तिसऱ्या, जरा डुगडुगणाऱ्या खुर्चीत चावीकाका. त्यांच्या खुर्चीखाली गोणपाटात गुंडाळलेली एक कमरेएवढी लोखंडी कांब होती, वर आडवी मूठ असलेली. हीच ती चावी. चौकातल्या खड्ड्यात ती उतरवून वीस फेरे दिले की सभागृहाभोवतीच्या सगळ्या गल्ल्यांच्या नळांना पाणी यायचं. सव्वीस वर्षं हे फेरे काकांनीच दिले होते. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं, कारण ते पदच रद्द झालं होतं.

आता चित्रपट अर्धा सोडून मध्येच चर्चा का, असं एखाद्या परक्या माणसाला वाटलं असतं. क्लबच्या सभासदांना नाही. पूर्वी चर्चा चित्रपटानंतर व्हायची, आणि 'समाप्त' ही पाटी पडद्यावर येताच लोक आग लागल्यासारखे बाहेर पडायचे. एकदा तर वक्ता, सेक्रेटरीबाई आणि झोपलेले एक आजोबा एवढ्यांनीच स्त्रीशिक्षणावर चर्चा केली. तेव्हापासून बाईंनी चर्चा मध्यंतरात आणली. पुढे काय होतं हे बघायचं असेल तर ऐका. ओलीसच म्हणा ना.

आजचा चित्रपट जुना, काळापांढरा होता. एका गावात नायक अठरा वर्षं विहीर खणतो. मध्यंतरापर्यंत तेरा वर्षं झाली होती, नायिकेचं दुसरीकडे लग्न झालं होतं, आणि पाण्याचा पत्ता नव्हता. बायका रुमालाने डोळे टिपत होत्या. काका मात्र मनात म्हणत होते, "अरे बाबा, कडेला आधार लाव, ढासळेल."

काकांना या स्टेजवर बोलावलं तेव्हा त्यांच्या बायकोने शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. "दोनच वाक्यं बोला," ती म्हणाली होती. "तुमचं एकदा सुरू झालं की समोरच्याला घर आठवतं."

"अगं, एकच गोष्ट सांगायची आहे."

"तीच ना? पोस्टाच्या पेटीची? ती मला पाठ आहे. मीच जाऊन सांगते."

तीच गोष्ट होती. चौकातल्या पोस्टाच्या पेटीपासून पाच पावलांवर, जमिनीखाली, मोठ्या पाइपचा जुना सांधा फुटला होता. गल्ल्यांकडे जाणारं पाणी तिथेच निम्मं मुरत होतं, रात्रंदिवस, चावी बंद असो की चालू. काकांनी हे तीन साहेबांना सांगितलं होतं. पहिले म्हणाले, अर्ज करा. दुसऱ्यांनी अर्ज वाचला आणि त्यांची बदली झाली. आताच्या साहेबांनी नकाशा उघडला आणि म्हणाले, "काका, नकाशात तिथे पाइपच नाही. मग गळेल कसा?"

कार्यालय नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुना नकाशा रद्दीत गेला. आता ती जागा फक्त काकांच्या डोक्यात होती, आणि ते डोकं महिनाअखेरीला घरी बसणार होतं. आज कोणीतरी ते लिहून घेतलं तरी पुरे, एवढंच त्यांना हवं होतं.

प्राध्यापक उभे राहिले. पडद्यावर तक्ते येऊ लागले. "आपण आधी खडकाकडे वळू," ते म्हणाले, आणि तिथून ते परत वळलेच नाहीत.

काकांनी घड्याळ बघितलं. सहा दहा. आता यात एक गोम होती. बाईंनी कार्यक्रमाचा दिवस ठरवताना पाणीखात्याला फोन करून, नळाला पाणी येणार नाही असा दिवस मागून घेतला होता, म्हणजे कोणी मध्येच उठायला नको. खात्याने दिवस दिला. मग गेल्या आठवड्यात खात्याने वेळापत्रक बदललं, आणि ते बदलल्याचं खात्याच्याच लक्षात राहिलं नाही. आज साडेसहाची पाळी होती. काकांनी सकाळी साहेबांना हे सांगितलं होतं.

"चर्चा सहाला संपते हो," साहेब म्हणाले होते.

सहा पंचवीसला प्राध्यापक एकेचाळिसाव्या तक्त्यावर होते. काकांनी साहेबांकडे वाकून म्हटलं, "साहेब, चावीची वेळ झाली."

"आता उठू नका. वाईट दिसतं. पुढचे तुम्हीच."

पुढचे साहेबच निघाले. त्यांनी खात्याच्या कार्याचा आढावा घेतला. साडेसहा वाजले. सव्वीस वर्षांत ताप, लग्न, मयत काही असो, काकांची चावीची वेळ चुकली नव्हती. ते खुर्चीत सावरून बसले. पायाला चावी लागली. उठावं? मग बोलायचं कधी? एक तारखेनंतर त्यांना कोण स्टेजवर बोलावणार होतं? सगळ्या अंगात सव्वीस वर्षांचा शीण एकदम भरून आला. काका बसून राहिले.

सभागृहात हळूहळू कुजबुज सुरू झाली. लोक तोंडावर हात धरून घरी फोन करत होते.

"आलं का?"

"नाही अजून? आज आहे म्हणतात."

"बादली लावून ठेव."

काकांचाही फोन थरथरला. त्यांनी मान खाली घालून कानाला लावला.

"अहो, नळ कोरडाय," बायको म्हणाली. "सोडलं नाही का?"

"मी स्टेजवर आहे."

"आणि चावी?"

"खुर्चीखाली."

"बोललात का?"

"नाही अजून."

"मग बोलूनच या," ती म्हणाली. "मी भांडी ठेवते तशीच. तुम्हीच घासा."

सहा पन्नासला बाईंनी माइक काकांपुढे धरला. "आपले ज्येष्ठ कर्मचारी! काका, दोन मिनिटं हं. पुढचा अर्धा चित्रपट आहे."

काका उभे राहिले. घसा कोरडा पडला होता. पाणी मागायचीही सोय नव्हती. "मंडळी," ते म्हणाले, "तुमचं निम्मं पाणी चौकात मुरतंय. पोस्टाच्या पेटीपासून..."

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून पेन काढलं. काकांना गहिवरूनच आलं. ते हळू, लिहून घेता येईल अशा बेताने बोलू लागले. "पेटीपासून, दवाखान्याच्या दिशेने, पाच..."

बाईंनी पेन वर केलं. "एक विचारू? तुम्हीच चावीकाका ना? पाणी तुम्हीच सोडता?"

"हो."

"मग आत्ता कोण सोडतंय?"

सभागृहात एवढी शांतता चित्रपटातल्या कुठल्याही प्रसंगाला मिळाली नव्हती. काकांनी खाली वाकून गोणपाट उचललं.

मग जे झालं त्याला सेक्रेटरीबाईंनी नंतर अहवालात 'उत्स्फूर्त सहभाग' म्हटलं. सगळं सभागृह काकांच्या मागून चौकात निघालं. नायक तेराव्या वर्षी विहिरीतच राहिला. साहेब "काका, पळा, पळा!" म्हणत होते. काका पळण्याच्या वयाचे नव्हते. त्यांनी खड्ड्याचं झाकण सरकवलं, चावी आत उतरवली, मूठ धरली, आणि थांबले.

भोवती दीडशे माणसं उभी होती. कोणी हलत नव्हतं. एवढं लक्षपूर्वक त्यांच्याकडे आजवर कोणीही बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

"माझी दोन मिनिटं राहिलीत," काका म्हणाले.

"अहो, आधी सोडा!" कोणीतरी ओरडलं.

"गळती चावी बंद असतानाच ऐकू येते, सोडल्यावर सगळाच खळखळाट. या इकडे. या मुठीला कान लावा."

"नकाशात तिथे..." साहेब सुरू झाले.

"नकाशाला कान नसतात, साहेब. तुम्हाला आहेत. लावा."

साहेब पँट सांभाळत वाकले. आधी त्यांनी नुसतं दाखवायला कान लावला. मग डोळे मिटले. मग दुसरा कान लावला. उठले तेव्हा त्यांच्या गालावर गंजाची लाल गोल खूण उमटली होती. ते काही बोलले नाहीत, आणि साहेब काही बोलत नाहीत हे बघून सगळ्यांचीच खात्री पटली. पेनवाल्या बाईंनी ऐकलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "घळाघळा वाहतंय की!" मग रांगच लागली. तक्रार करत, कुरकुरत, घड्याळं बघत, पण लागली.

काका मूठ धरून उभे होते. गुडघे दुखत होते. मध्येच मूठ सोडून, पेटीपासून पाच पावलं मोजून त्यांनी टाचेने मातीत रेघ मारली, आणि पेनवाल्या बाईंनी ती जागा लिहूनसुद्धा घेतली. सव्वीस वर्षांचं ओझं असं एका टाचेने उतरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. उतरल्यावर हलकंही वाटेना. नुसतं कुठेतरी बसावंसं वाटत होतं.

शेवटी प्राध्यापक आले. चष्मा काढून त्यांनी गुडघे टेकले, मुठीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. आयुष्यभर ज्याच्यावर पुस्तकं लिहिली ते पाणी प्राध्यापक पहिल्यांदाच ऐकत होते, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. ते उठले. काकांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. डोळे ओलावले होते.

"काका," ते गहिवरून म्हणाले. मग त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि आवाज उतरवला. "आमची गल्ली जरा टोकाला येते. आज पाच मिनिटं जास्त सोडा ना."