मागच्या पलंगावरची

सकाळी दिव्याची वात आपोआप शांत होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम. हे म्हणतात, "तेवढीच घराला सुट्टी."

परदेशी शिकणाऱ्या लेकीचा फोन नेमका तेव्हाच येतो. तिकडे संध्याकाळ असते. फोन डब्याला टेकवून मी तिला बघत बसते.

"आई, इथली फी झेपत नाही. दुसऱ्या कॉलेजात बदली मागितलीय. स्कॉलरशिप मिळाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा."

मी मान हलवली. तेव्हाच तिच्यामागच्या पलंगावर एक मुलगी दिसली. ओले केस, हात मांडीवर. मौन सुटल्यावर फोन करून विचारलं, तर लेक म्हणाली, "छे गं, तो पलंग रिकामाच आहे. माझ्याआधीची मुलगी तिथं झोपायची. तिलाही त्याच कॉलेजात जायचं होतं, पण त्यांनी तिला स्कॉलरशिप नाकारली. मग ती नदीवर गेली आणि..."

पोर घाबरेल म्हणून मी गप्प राहिले. रोज दिव्यात त्या मुलीसाठी दुसरी वात लावू लागले.

"तेल फुकट आलंय वाटतं," हे म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी लेकीनं फोन शेजारी ठेवला. "तू नुसती बस. बोलायचं नाही, ते तुला जमतंच!"

लॅपटॉपवरच्या बाईंनी काहीतरी विचारलं. प्रश्न मला कळला नाही, लेकीचा चेहरा कळला. दातखीळ बसली होती तिची. मी मागच्या मुलीपुढे हात जोडले.

ती उठली. येऊन लेकीच्या खांद्यावर वाकली. आणि लेक बोलू लागली, सावकाश, न अडखळता, जणू कधीची घोकून ठेवलेली उत्तरं.

स्कॉलरशिप मिळाली. "काय बोलले ते मलाच आठवत नाही गं. बाही मात्र भिजली होती."

नव्या कॉलेजातून पहिला फोन आला. "एकटीची खोली मिळाली, बघ!"

खिडकीपाशी ती पलंगावरची मुलगी उभी होती. तिचे केस वाळले होते. लेकीच्या केसांतून मात्र पाणी ठिबकत होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

दोन्ही वाती अजून जळत होत्या. दिवा फुंकू नये म्हणतात. मी फुंकला.

"बाळा, आधी केस पूस."

दोघींनीही वर पाहिलं.