अम्मीचा लाडका खुनी

आपाचं एकही पुस्तक अजून पूर्ण झालेलं नव्हतं, पण चालू पुस्तकं मात्र तीन होती. एक खुनाची कादंबरी, एक साठीतल्या जोडप्याची प्रेमकथा आणि एक उंचीला घाबरणाऱ्या बकरीची लहान मुलांसाठी गोष्ट. खुनात गाडी अडली की ती प्रेमाकडे वळायची, प्रेमात अडली की बकरीकडे. बकरी तर छपरावर चढवून ठेवलेली, आणि तिला खाली कसं आणायचं हे आपाला वर्षभर सुचत नव्हतं.

खरं म्हणजे ती कुणाची थोरली बहीण नव्हती, एकुलती एक होती. पण दातांच्या लॅबमध्ये सगळे तिला आपा म्हणायचे, आणि तेच नाव घरापर्यंत आलं. दिवसभर ती कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्या जबड्यावर टेकवून बघायचा, कुठे उंच लागतो तिथे घासायचा. हात गुंतलेले असले तरी डोकं मोकळं असायचं, आणि त्या मोकळ्या डोक्यात माणसं मरत होती, प्रेमात पडत होती, छपरावर चढत होती.

संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की अम्मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "हं, वाच."

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून अम्मीला लांबचं लख्ख दिसायचं. समोरच्या गच्चीवर कुणाच्या चादरी वाळताहेत ते ती बसल्या जागी सांगायची, पण अक्षरं तिच्यासमोर मुंग्यांसारखी पळायची. म्हणून आपाने लिहायचं, आपानेच वाचायचं, आणि अम्मीने ऐकायचं. अम्मीचं ऐकणं काही गुपचूप नसायचं. "ही बाई एवढी का रडते? हिला घरी कामं नाहीत?" असं ती प्रेमकथेला विचारायची. खुनाच्या गोष्टीत मात्र ती जीव गुंतवून बसली होती.

त्या गोष्टीत धान्याचा एक मोठा व्यापारी कवळी चिकटवायच्या पावडरीतून विष जाऊन मरतो. तपासाला येतो एक इन्स्पेक्टर. पोट थोडं सुटलेलं, मिशा कातरलेल्या, कुणाचंही बोलणं अर्ध्यात तोडायची सवय. हा इन्स्पेक्टर म्हणजे मामू, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मामू, म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ, खालच्या मजल्यावर राहायचा. तो वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक. अजूनही भाजी घेताना तराजूच्या काट्यावर असा डोळा रोखायचा की भाजीवालीचा हात आपोआप चार भेंड्या जास्त टाकायचा.

"निरीक्षक काय आणि इन्स्पेक्टर काय, एकच," मामू आपाला सांगायचा. "फक्त माझ्या खिशात पिस्तूल नव्हतं. आणि हे बघ, त्याला जरा उंच कर. मुखपृष्ठावर बरं दिसेल."

आपाने त्याला दोन इंच उंच केलं होतं.

सुरुवातीची प्रकरणं तिने एका प्रकाशनसंस्थेत नेऊन दिली होती. तिथल्या संपादकबाईंनी तिला भेटायला बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"छान लिहिता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण..."

आपाने कप खाली ठेवला. लॅबमध्ये डॉक्टर 'कवळी छान झाली, पण' म्हणाले की ती पुन्हा मेणापासून करावी लागते, हे तिला ठाऊक होतं.

"पण तुमच्या समाजाचं दुःख ह्यात कुठे दिसत नाही."

"तिसऱ्या प्रकरणात मुनीमजींची दाढ दुखते," आपा म्हणाली.

"तसलं दुःख नव्हे हो."

"तुमची दाढ कधी दुखलेली दिसत नाही."

संपादकबाई हसल्या, पण मुद्दा सोडेनात. "म्हणजे असं बघा, हा खून कुठेही होऊ शकतो."

"खून कुठेही होतातच."

"माझ्या डोळ्यांसमोर मुखपृष्ठ आहे. एक खिडकी, खिडकीला जाळी, जाळीमागे दोन उदास डोळे."

आपाने विचार केला. "गोष्टीत खिडकी एकच आहे, गोदामाची. तिच्यातून मांजर आत येतं. मांजराचे डोळे चालतील का?"

बाईंनी शेवटी हात टेकले. "बरं, शेवट तर लिहून आणा. खुनी कोण ते कळू दे, मग बघू."

आपा घरी आली ती तणतणतच. "माझा समाज कवळ्याही घालतो, खूनही करतो आणि कधीकधी नुसता बसून जांभया देतो," असं ती भांडी लावताना कपाटाला सांगत होती. पण एक बरं झालं. रागाच्या भरात तिने प्रेमकथा आणि बकरी दोन्ही बाजूला सारली आणि आठवड्याभरात खुनाचा शेवट लिहून काढला. खुनी होता कंपाउंडर. व्यापाऱ्याला रोज औषध नेऊन देणारा, खाली मान घालून बोलणारा, कुणाला संशयही येणार नाही असा तरुण. आपा स्वतःवर खूश होती.

तिने शेवटचं प्रकरण वाचून संपवलं. अम्मीने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"आवडलं नाही?"

"त्याला बेड्या घातल्या?" अम्मीने विचारलं.

"हो. खून केलाय ना त्याने."

"तो पोरगा तसा नाही."

"अम्मी, मी लिहिलाय त्याला!"

"म्हणून काय झालं? तुला जन्म मी दिला, म्हणून तुझ्या पोटातलं सगळं मला कळतं का? चौथ्या प्रकरणात तो आईचे पाय चेपत होता. आईचे पाय चेपणारा हात विष घालेल?"

"ते मी मुद्दामच लिहिलं. वाचकाला फसवायला."

"तौबा! आईच्या पायांवरून फसवाफसवी?"

अम्मी उठून आत गेली. त्या रात्री ती जेवली, पण न बोलता जेवली. अम्मी उपाशी राहिली असती तर परवडलं असतं, असं आपाला वाटलं. दुसऱ्या दिवशी अम्मीच्या मैत्रिणी आल्या तेव्हा त्यांच्यापुढे कैफियत मांडली गेली. आपा लॅबमधून परतली तर शेजारची शिवणकाम करणारी खाला जिन्यातच आडवी आली. "का गं, एवढ्या चांगल्या पोराला फासावर देतेस? माझ्या भाचीसाठी तसलाच मुलगा शोधतोय आम्ही."

"खाला, तो कागदावरचा आहे."

"खरे तरी कुठे मिळताहेत?" खाला म्हणाली.

आपा बधली नाही. तिने कादंबरी बाडात बांधली, स्वतःच्या हाताने संपादकबाईंकडे पोचवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं काहीतरी संपलं होतं.

अम्मीच्या दृष्टीने मात्र काहीही संपलेलं नव्हतं. तिने मामूला वर बोलावलं. "मला त्या पुस्तकवाल्या बाईकडे घेऊन चल."

मामूने कारण विचारलं नाही. मुखपृष्ठावर इन्स्पेक्टर उभा हवा की बसलेला, ह्याबद्दल त्याला स्वतःलाच बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी आपा लॅबला गेल्यावर दोघं निघाली. अम्मीने ठेवणीतली ओढणी काढली, मामूने बूट चकचकीत केले.

संपादकबाईंनी दोघांना बसवलं. लेखिकेची आई म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. जे लेकीच्या लेखणीतून निघत नाही ते आईच्या तोंडून निघेल अशी त्यांना आशा वाटली असावी. वही पुढे ओढून त्यांनी हळुवार आवाजात विचारलं, "अम्मी, तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं?"

अम्मीने क्षणाचाही विचार न करता मामूकडे बोट दाखवलं. "हा."

मामू खुर्चीत सरसावून बसला. "माझी बहीण जरा गमतीशीर आहे."

"गंमत नाही," अम्मी म्हणाली. "आणि मी दुःख सांगायला आलेली नाही, पोरगा सोडवायला आलेय. तो कंपाउंडर निर्दोष आहे."

"पण मग खुनी कोण?" बाईंनी विचारलं.

अम्मीने पुन्हा तेच बोट उचललं.

"मी?" मामू म्हणाला.

"तू नाही, इन्स्पेक्टर. पण तो तूच ना? बाई, तुम्ही दुसरं प्रकरण काढा. प्रेत अजून कुणी बघितलेलंही नाही आणि हा दारात हजर! ह्याला फोन केला कुणी? मी थांबले, म्हटलं पुढे सांगेल माझी पोरगी. शेवटपर्यंत सांगितलं नाही."

बाईंनी पानं चाळली. खरोखरच कुणी फोन केलेला नव्हता.

"आणि सबंध गोष्टीत तो कुणाला वाक्य पुरं करू देत नाही," अम्मी पुढे म्हणाली. "लोक खरं बोलायला लागले की हा मध्येच तोडतो. का तोडतो?"

"सवय असते एकेकाला!" मामू ओरडला. "आणि मी व्यापाऱ्याला मारू कशाला? उभ्या नोकरीत एका पैशाची लाच..."

"तेच सांगतेय," अम्मीने त्याला अर्ध्यात तोडलं. "व्यापारी वर्षानुवर्षं मापात मारतो. हा इमानदार माणूस त्याला दरवेळी पकडतो आणि तो दरवेळी सुटतो. शेवटी डोकं फिरतं एखाद्याचं. माझा भाऊ आहे, ओळखते मी. आजही त्या व्यापाऱ्यांची आठवण निघाली की हा उशीवर बुक्क्या मारतो."

मामूने खुर्चीच्या हातावर बुक्की मारली. संपादकबाई मात्र वहीत भराभरा लिहीत होत्या.

संध्याकाळी आपा घरी पोचली तेव्हा मामू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता.

"तुझ्या आईने मला खुनी केलं," तो म्हणाला. "परक्या बाईसमोर."

काय झालं ते त्याच्याकडून ऐकताना आपाच्या कानशिलांत आग पेटली. ती धडधडत वर गेली. अम्मी खुर्चीत शांतपणे बसून समोरच्या गच्चीवरच्या चादरी बघत होती.

"तू माझं पुस्तक घेऊन भांडायला गेलीस? मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

तेवढ्यात फोन वाजला. संपादकबाई बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज एकदम निराळा होता. "अहो, इन्स्पेक्टरच खुनी! तो फोन न दाखवण्याची युक्ती अफलातून आहे. मी दोनदा वाचूनही फसले. मग कंपाउंडरचा शेवट तुम्ही का लिहिलात?"

ती युक्ती नव्हती. फोनचं वाक्य लिहायचं आपा चक्क विसरली होती, कारण नेमकी त्या सुमारास ती बकरीकडे वळली होती.

"तो... कच्चा शेवट होता," ती म्हणाली.

"मग पक्का पाठवा. आणि ती जाळीची खिडकी आता नको. मुखपृष्ठावर तराजू घेऊ."

आपाने फोन ठेवला. अम्मीवर रागावून राहायचं तिच्या मनात खूप होतं, पण डोक्यात नवीन प्रकरणाचं पहिलं वाक्य आधीच येऊन बसलं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकदम जमेनात. ती लिहायला बसली. मामू मात्र आठ-दहा दिवस वर फिरकला नाही. अम्मीने पाठवलेलं जेवण दारातूनच घ्यायचा, आणि भांडं परत करताना, "खुन्याचं पोट भरलं," एवढंच म्हणायचा.

शेवटी आपाच त्याच्याकडे गेली. "मामू, तुम्हाला नको असेल तर मी त्याच्या मिशा काढते. कुणी ओळखणार नाही."

मामूने बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. "पकडला कसा जातो तो?"

"पकडला जात नाही. स्वतःच कबूल करतो. कंपाउंडरला आपल्यामुळे शिक्षा होतेय हे त्याला बघवत नाही."

"स्वतःहून?"

"स्वतःहून. भर कोर्टात."

मामूने मान डोलावली. मग त्याने बोलायला तोंड उघडलं, थांबला, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच आपाला विचारलं, "तुझं बोलणं झालं का पुरं?"

"झालं."

"मग मिशा राहू देत. आणि कबुलीजबाब जरा लांब लिही. त्याला बरंच बोलायचं असेल."

पुस्तक निघालं. फार खपलं नाही, पण अगदीच पडूनही राहिलं नाही. खालाने त्यातलं फक्त चौथं प्रकरण वाचलं आणि भाचीला ऐकवलं. मामू मात्र एक प्रत पिशवीत घेऊनच बाजारात जायचा. भाजीवालीपुढे ती उघडून धरायचा आणि म्हणायचा, "वाच. मापात मारलं की काय होतं ते वाच."