नोलाची खुर्ची

आमच्या ओमारूच्या चर्चमध्ये दर हिवाळ्यात बाहेरगावचे वादक येतात. पियानो वाजवणाऱ्याच्या समोरच्या स्वरलिपीची पानं उलटायला शेजारी माझी बायको नोला बसायची. ती मे महिन्यात गेली.

या वेळी पियानो वाजवायला आलेली हेल्गा आधीही येऊन गेली होती. ती म्हणाली, "डेस, तूच बस. मी मान हलवली की पान उलट."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"बरंच आहे. नोला ऐकत बसायची आणि पान राहून जायचं."

मी बसलो. दोन पानं नीट उलटली. मग समोर पहिल्या रांगेतली माझी जागा दिसली. लोकांनी ती सवयीने माझ्यासाठी सोडली होती. नोला इथूनच माझ्याकडे बघून हसायची.

हेल्गाने मान हलवलेली मला दिसलीच नाही. तिने डाव्या हाताने स्वतःच पान उलटलं आणि वाजवत राहिली.