माझ्या पोटातली पांढरी खुंटी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि या क्षणी माझ्या पोटात बर्फ आहे. बर्फावर कोळंबी, खेकडे आणि शिंपल्या मांडल्या आहेत. दुबई मरीनातल्या एका मोठ्या हॉटेलात मला काचेच्या भिंतीलगत ठेवले आहे. काचेपलीकडे पाणी आहे. त्यावरून दिवसभर पांढऱ्या बोटी जातात. मी त्या बघते. मला आता पाण्यावर जाता येणार नाही, कारण माझ्या तळाला भोक आहे. वितळलेला बर्फ त्यातून खालच्या बादलीत थेंबथेंब पडतो.

ज्यांनी हे भोक पाडले, त्यांनीच मला बरे केले होते. असे कसे झाले, ते सावकाश सांगते.

माझा जन्म कोकणच्या किनाऱ्यावर झाला. मी आंब्याचे एकच जाड खोड होते. दगडू नावाच्या सुताराने वाकसाने तासून माझे पोट कोरले. मग त्याने माझ्यात पाणी भरले, खाली मंद जाळ लावला आणि लाकूड मऊ झाल्यावर माझ्या दोन्ही कडा बाहेर ओढायला सुरुवात केली. फार दुखले. पण दगडू दर बोटभर ओढीनंतर थांबायचा, माझ्या कडेवर तळवा ठेवायचा आणि गाईशी बोलावे तसा म्हणायचा, "उगी, उगी. आज एवढंच." म्हणून मी चिरले नाही. तो तळवा मला अजून आठवतो.

पुढे एका गलबतावर चढवून मला दुबईला आणले. तिथल्या खाडीत मी खैरुद्दीनचाचांकडे कित्येक वर्षे काम केले. किनाऱ्यावरून नांगरलेल्या गलबतांपर्यंत मी चहाची किटली आणि गरम रोट्या पोहोचवायची. चाचा दरवर्षी मला वाळूत पालथी घालून मुशी माशाचे तेल चोळायचे. त्या तेलाला घाण वास येतो, पण लाकडाला ते अन्नासारखे असते. चाचा थकले आणि त्यांनी गावी परतायचे ठरवले, तेव्हा माझी एक कड कुजली होती आणि तळ ठिकठिकाणी फुटला होता.

त्याच सुमारास एका शुक्रवारी सिरिलमिस्त्री खाडीवर आले. ते मूळचे वसईच्या किल्लाबंदरचे. इथे एका हॉटेलात सुतारकाम बघायचे. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारी असायची. बरोबर त्यांच्या पत्नी सुझीबाई होत्या आणि नऊ वर्षांची बेव्हर्ली. ती पोर माझ्यात चढून बसली ती उतरेच ना. चाचा हसले. म्हणाले, "ले जाओ. लेकिन सुनो मिस्त्री, नाव बेटी की है, तुम्हारी नहीं. तुम सिर्फ ठीक करना."

अशी मी बेव्हर्लीची झाले.

दुबईच्या जाफिलिया वस्तीतल्या एका जुन्या व्हिलाच्या मागच्या भागात हे तिघे राहायचे. मागच्या अंगणावर पत्रा टाकून सिरिलमिस्त्रींनी घरचे वर्कशॉप केले होते. मला दोन लाकडी घोड्यांवर ठेवले. इथल्या कोरड्या उन्हात जुने लाकूड तडकते, म्हणून ते सकाळ-संध्याकाळ माझ्यावर ओली गोणपाटे टाकायचे. कुजका भाग एकदम उपटायचा नाही. पटाशीने पापुद्रा काढायचा, बोटाने चाचपायचे, मग पुढचा पापुद्रा. त्यांचा हात दगडूसारखाच होता. निदान लाकडावर तरी.

बेव्हर्ली रोज माझ्याशेजारी स्टुलावर बसून बघायची. काय कसे करतात, ते ती विचारायची. सिरिलमिस्त्री म्हणायचे, "हात लावू नको. नुसतं बघ."

किल्लाबंदरला दुरुस्त झालेली होडी पाण्यात घालण्याआधी तिच्यात झावळीचा क्रूस लावतात. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेला, पात्यांची विणलेली छोटी घडी असते ती. हे सिरिलमिस्त्रींनीच पोरीला सांगितले होते. तिने ते लक्षात ठेवले. त्या वर्षी ती चर्चमधून क्रूस घेऊन आली. दुपारी जेवून सगळे आडवे झाले, तेव्हा ती एकटी अंगणात आली. क्रूस कुठे लावायचा, याचा तिने बराच विचार केला. मग माझ्यात बसून तिने जागा ठरवली. वल्हवताना पप्पांचे पाय जिथे टेकतील तिथे, अगदी तळाला.

क्रूस बसवायला तिला बारीक खाच हवी होती, म्हणून तिने पप्पांचे ड्रिल मशीन घेतले. त्याच्या पात्यांतले सगळ्यात लांब लावले. पप्पा मोठ्या कामाला तेच लावायचे ना.

पाते माझ्या तळातून आरपार गेले आणि खालून बाहेर आले. बेव्हर्लीने वाकून बघितले. भोकातून खालचा उजेड दिसत होता. तिने मशीन बाजूला ठेवले आणि त्या भोकावर तळहात दाबून बसून राहिली. तासभर तरी बसली असेल. तिच्या हाताला घाम सुटला होता, तो मला लागत होता.

सिरिलमिस्त्री उठून बाहेर आले, ते एकटे नव्हते. केटरिंगचा धंदा करणारे त्यांचे मित्र आत्मारामभाऊ आणि मीनाक्षीवहिनी चहाला आले होते.

"आय वॉन्टेड टू सरप्राइज यू, पप्पा," बेव्हर्ली म्हणाली.

सिरिलमिस्त्रींनी तिचा हात उचलला. बघितले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. ते मागे वळून म्हणाले, "या, या, आत्मारामभाऊ. वहिनी, तुम्हीपण या. लोक होडीला वल्ही लावतात. आमच्या मॅडमनी नळ बसवलाय."

आत्मारामभाऊंना हसू आवरेना. "आता कनेक्शन तेवढं घ्या म्हणजे झालं," ते म्हणाले.

"बेव्ह, हे हात आहेत की भोपळे?" सिरिलमिस्त्री म्हणाले.

सगळे हसले. सगळे हसतात म्हणून बेव्हर्लीही हसली. मग ती आत गेली. क्रूस माझ्याच तळाशी पडून राहिला.

आता एक सुतारकामाची गोष्ट नीट ऐका. भोक पडले तर सुतार त्याच जातीच्या लाकडाची खुंटी ठोकतो, वर राहिलेला भाग कापतो आणि हात फिरवला तरी कळणार नाही इतकी ती घासतो. सिरिलमिस्त्रींकडे आंब्याचा तुकडा होता. तरी त्यांनी खोक्याच्या फळीची पांढरीशुभ्र खुंटी केली, ती ठोकली आणि बोटभर वर तशीच ठेवली. सुझीबाईंनी विचारले, "अहो, कापत का नाही?"

"दिसू दे. म्हणजे लक्षात राहील."

त्यानंतर काम थांबले. आज करू, उद्या करू, असे करत अठरा वर्षे मी घोड्यांवर पडून होते. माझ्यात रंगाचे डबे आले, नाताळचा स्टार आला, फुटके कूलर आले. घरी कोणीही आले की सिरिलमिस्त्री डबे बाजूला सारून खुंटी दाखवायचे. "हा आमच्या बेव्हर्लीचा नळ." चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याला दाखवला. बारावीच्या निकालाच्या पार्टीला दाखवला. तिला बघायला आलेल्या मंडळींनाही दाखवला. ती आधी म्हणायची, "व्हेरी फनी, पप्पा." नंतर काही म्हणेनाशी झाली. मोठी झाल्यावर ती मरीनातल्या या हॉटेलात नोकरीला लागली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल बर्शाला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे भिंतीवर साधी फ्रेम लावायची तरी ती माणूस बोलावते, असे सुझीबाई सांगायच्या.

मित्रांनो, सिरिलमिस्त्री दुष्ट नव्हते. पोरीला ताप आला की रात्रभर तिला खांद्यावर घेऊन याच अंगणात फेऱ्या मारताना मी त्यांना पाहिले आहे. त्यांना खरेच वाटायचे की ही गंमत आहे. हातोडी ज्याच्या हातात असते, त्याला ठोक्याचा फक्त आवाज येतो.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आता व्हिसा संपणार आणि वसईला कायमचे जायचे. तेव्हा त्यांना मी आठवले. तीन महिने ते माझ्याजवळून हलले नाहीत. डबे गेले. ओली गोणपाटे परत आली. कुजक्या कडेला आंब्याची फळी इतकी नेमकी बसवली की जोड मलाच सापडेना. शेवटी मुशीचे तेल. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. माझ्या पुढच्या टोकावर त्यांनी एक नाव कोरले आणि त्यावर फडके बांधले. निघण्याआधीच्या रविवारी शेजारच्या उम्म अल कुवैनच्या खाडीत मला पाण्यात घालायचे, पुढे बेव्हर्लीला बसवायचे, एक फेरी मारायची आणि मग मला तिथल्या कोळ्यांना देऊन टाकायचे, असे त्यांनी ठरवले होते. काम करताना ते पुटपुटायचे, "पुढे तीच बसली पाहिजे." तिला फोनवर मात्र एवढेच म्हणाले, "संडेला मोकळी असलीस तर ये. नाहीतर राहू दे."

सुझीबाई म्हणाल्या, "ती खुंटी घासून टाका एकदाची."

"राहू दे गं. सांगायला गंमत आहे."

स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते. निरोपाच्या जेवणाला सगळे शनिवारी जमले, तेव्हा आत बेव्हर्ली आईशी बोलत होती ते मी ऐकले. "आमच्या बॉसला ही होडी हवीय, मम्मी. नवीन सीफूड काउंटरसाठी. मी नाही म्हटलंय. उद्या येतेय मी. हे बघ, लाइफ जॅकेट पण घेतलं." तिच्या आवाजात हसू होते. इतक्या वर्षांत मी ते ऐकले नव्हते.

ती नारिंगी जॅकेट हातात घेऊन अंगणात आली. तिच्याबरोबर तिच्या हाताखाली काम करणारी शहनाझ होती. आत्मारामभाऊ आणि मीनाक्षीवहिनी बिर्याणीच्या ताटल्या घेऊन उभे होते. शहनाझने कौतुकाने माझ्या पोटातून हात फिरवला आणि तिचा हात अडला.

"अंकल, ये सफेद क्या है?"

सिरिलमिस्त्रींचा चेहरा फुलला. "अरे, तुमको नहीं मालूम? तुम्हारी मॅडम का नल है."

मग त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, हातवाऱ्यांसकट. तळहात दाबून बसलेली पोरही करून दाखवली. "अभी बी खिळा ठोकने को माणूस बुलाती है," ते म्हणाले. आत्मारामभाऊंनी 'कनेक्शन'चे वाक्य पुन्हा टाकले. शहनाझ हसली. बेव्हर्लीही हसली, नऊ वर्षांची असताना हसली होती अगदी तशी. मग तिने जॅकेट घोडीवर टाकले.

"पप्पा, होडी कोणाची आहे?"

"तुझीच की. खैरुद्दीनने तुलाच दिलीय."

"मग उद्या ती मरीनाला जाईल. आमच्या काउंटरवर. बर्फ भरून त्यावर मासे ठेवतात. पाणी जायला तळाला होल लागतं."

सिरिलमिस्त्रींना आधी कळलेच नाही. "होल? बेव्ह, उद्या आपण..."

"आमचे लोक कसंही पाडतील, लाकूड फाटेल. तुम्ही नीट पाडाल. जागा तर तयारच आहे."

"आत्ता?"

"आत्ताच. सगळे आहेत ना बघायला." त्यांचे डोळे भरलेले तिने पाहिले. "अहो पप्पा, गंमत आहे. हसा ना."

कोणी हसले नाही. सुझीबाई म्हणाल्या, "बेव्हर्ली, पुरे." ती जागची हलली नाही.

सिरिलमिस्त्री माझ्याखाली शिरले आणि खालून लाकडी हातोडीने चार ठोके दिले. खुंटी अख्खी बाहेर आली. अठरा वर्षांनीही पांढरीच. त्यांनी मशीन घेतले नाही. जुने हाताचे गिरमिट घेतले आणि भोक रुंद केले, पाइप बसेल एवढे. मग पॉलिश पेपरने त्याच्या कडा गुळगुळीत केल्या. तेवढ्या वेळात त्यांचा डावा तळवा माझ्या तळाला टेकलेला होता. काम चोख झाले. तेवढे ते नेहमीच करायचे. खुंटी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि ते हात धुवायला गेले.

नावावरचे फडके हॉटेलच्या माणसांनी सोडले. तोवर सिरिलमिस्त्री वसईला पोहोचले होते. बेव्हर्ली तिथे उभी होती. तिने स्वतःचे नाव वाचले, अक्षरांवरून एकदा बोट फिरवले आणि बर्फ भरायला सांगितले.

आता शनिवारी ब्रंचला पाहुणे येतात. कोणी विचारते, हे काय लिहिले आहे? ती म्हणते, "सम ओल्ड नेम." कोणी वाकून बादली बघते. मग ती म्हणते, "माय फादर मेड दॅट होल." पाहुणे हसतात. तीही हसते.

परवा वसईहून आलेला सुझीबाईंचा फोन तिने माझ्या कडेवर ठेवून स्पीकरवर घेतला होता. सुझीबाई सांगत होत्या, "पप्पा दिवसभर अंगणात बसून ती खुंटी घासतात गं. काडीएवढी राहिलीय." बेव्हर्लीने नवा बर्फ मागवला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुमच्या होडीला कोणीतरी लहान माणूस चुकीच्या जागी भोक पाडेल. त्याच जातीचे लाकूड शोधा. खुंटी ठोका. आणि त्याच दिवशी, ती ताजी असतानाच, हाताला लागणार नाही इतकी घासा.