चार नंबरच्या वरचे दगड

माझा धंदा दगड घासण्याचा. हे सांगितलं की लोक विचारतात, "फरशी पॉलिश का?" म्हणून आधीच खुलासा करते. दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या ओल्या पावडरीत गोल गोल घासत इतकी पातळ करायची, की तिच्यातून उजेड आरपार जावा. केसापेक्षा पातळ. यात काय मोठं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या टेबलाशी यावं आणि बोटांची सालं काढून घ्यावीत.

१९८४ साली मी नागपूरच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्र विभागात हे काम करत होते. नोकरी टेम्पररी, सहा महिन्यांची. मार्चअखेर विभागप्रमुख डबीर सर माझ्या कामावर शेरा लिहिणार होते आणि त्या शेऱ्यावर माझं पक्कं होणं ठरणार होतं. बापूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कन्हानजवळच्या मँगनीजच्या खाणीत आयुष्यभर घण मारला. "माही जयवंता दगडाच्या आरपार पाह्यते," असं ते बसमधल्या अनोळखी माणसालाही सांगत. तो बिचारा मान डोलवी आणि खिडकीबाहेर बघू लागे.

फेब्रुवारीत शामलाताई अंदमानहून दगड घेऊन आल्या. ताई धरमपेठेतल्या, म्हणजे नागपूरच्या बड्या वस्तीतल्या, पीएचडी करणाऱ्या, वयानं माझ्याहून लहान. ते दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी थिजलेला लाव्हा. पुढं कधीतरी जमिनीच्या उलथापालथीत तो वर आला. एकाच कड्यातून, खालून वर, ओळीनं घेतलेले सात नमुने होते. एक नंबर सगळ्यांत खालचा, सात नंबर सगळ्यांत वरचा. मला सातांच्या सात चकत्या करून द्यायच्या होत्या.

एक ते चार झकास झाल्या. पाच, सहा आणि सात गेल्या. गेल्या म्हणजे, घासता घासता दगड संपला आणि हातात नुसती काच उरली.

डबीर सरांनी केबिनमध्ये बोलावून मेमो दिला. कामात निष्काळजीपणा. वर म्हणाले, "ही नाजूक कामं सगळ्यांच्या हातची नसतात, बाई. उरलेले तुकडे आपण कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पाठवू."

'सगळ्यांच्या' म्हणजे कुणाच्या, ते मला शाळेत वेगळ्या बाकावर बसवलं तेव्हाच कळलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी जीभ आवरली आणि म्हटलं, "सर, मले एक मौका द्या. फक्त एक."

"शुक्रवारपर्यंत," सर म्हणाले.

टेबलाशी आले आणि माझी वही उघडली. कुठली चकती कोणत्या दिवशी घासली, ते मी त्यात लिहून ठेवते. सोमवारी सहा नंबर गेला. मंगळवारी दोन नंबर छान झाला. बुधवारी पाच गेला, गुरुवारी एक छान झाला. म्हणजे माझा हात एक दिवस शहाणा आणि एक दिवस खुळा? असा हात मी तरी पाहिलेला नाही. दोष माझ्यात असता तर तो कुठल्याही नंबरवर पडला असता. कड्यातले नेमके वरचे तीनच कसे गेले? कुठला दगड कड्यात कुठं होता, हे माझ्या हाताला काय माहीत!

मग स्वतःलाच विचारलं, बाई, घासणं कधी थांबवायचं हे तू ठरवतेस कशावरून?

आमचा सगळा भरवसा फेल्डस्पार नावाच्या लांबट दाण्यावर असतो. समुद्राच्या लाव्ह्यात तो असतोच असतो. मायक्रोस्कोपमध्ये एक पट्टी सरकवली की पातळ दगडात रंग दिसू लागतात. फेल्डस्पार पिवळा दिसला तर चकती अजून जाड आहे. राखाडी झाला की हात थांबवायचा. पाच नंबरात लांबट दाणे पिवळे दिसले, म्हणून मी घासलं. तरी पिवळेच. आणखी घासलं. तेवढ्यात दगडच संपला.

आणि ते दाणे फेल्डस्पार नसलेच तर? योग्य जाडीलाच पिवळा दिसणारा तो दुसराच कुणी असला तर? मग मी जन्मभर घासलं असतं तरी तो राखाडी होईपर्यंत दगड टिकला नसता.

मी धावत शामलाताईंकडे गेले. त्या हसल्याच. "फेल्डस्पार नसलेला लाव्हा? समुद्राच्या तळाचा? कसं शक्य आहे, जयवंताबाई?"

"काहून नाही शक्य? तुम्ही पाह्यला का त्याच्यात फेल्डस्पार? मीबी नाही पाह्यला. असनच, असं धरून आपण दोघी चालून राहिलो!"

ताईंचं हसू मावळलं. "पण मग जाडी मोजणार कशानं?"

त्याचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी पिशवीतून घेऊन आले. कन्हान नदीच्या पात्रातली एक गारगोटी. गारगोटीही योग्य जाडीला राखाडी होते आणि तिच्या ओळखीबद्दल कुणाला शंका नसते. तिची चकती मी त्याच काचेवर, पाच नंबरच्या शेजारी चिकटवली. दोघींनी बरोबर झिजायचं. गारगोटी राखाडी झाली की थांबायचं, मग शेजारचा दगड कुठलाही रंग दाखवो.

सहा आणि सात नंबर तसेच करून ठेवले. पाच नंबर मात्र शुक्रवारी सरांच्या डोळ्यांदेखत घासला. शेवटी शेवटी बोटांचा दाब मोजून मोजून दिला. मग काच धुतली, पुसली आणि त्यांच्यापुढं ठेवली.

सर मायक्रोस्कोपवर वाकले. "गारगोटी राखाडी. जाडी बरोबर आहे." त्यांनी काच सरकवून शेजारचा दगड नजरेखाली आणला. मग सहा नंबर पाहिला, सात नंबर पाहिला आणि पुन्हा पाच.

"हे पिवळे दाणे पायरॉक्सीन या वेगळ्याच खनिजाचे आहेत," ते हळूच म्हणाले. "फेल्डस्पार कुठंय?"

"नाहीये, सर," शामलाताई म्हणाल्या. "एकही दाणा नाही!" आणि मग त्यांचा बांध फुटला. भराभर सांगत सुटल्या. समुद्राच्या तळाचा एक तुकडा कलतो आणि दुसऱ्याच्या खाली बुडू लागतो. जाताना पाणी सोबत घेऊन जातो. ते पाणी खोलवरच्या तापलेल्या दगडात शिरलं की तो वितळतो, आणि पाणी मुरलेल्या त्या लाव्ह्यात फेल्डस्पार धरतच नाही. परदेशातले लोक दोन-चार वर्षांपासून असंच काही लिहू लागले होते. "खालचे चार दगड बुडण्याआधीचे, वरचे तीन नंतरचे. सर, चार आणि पाच यांच्या मधे समुद्राचा तळ बुडायला लागलाय! त्याची सुरुवात आपल्या हातात आहे!"

सातही दगड टेबलावर ओळीनं मांडलेले होते आणि माझं बोट त्या वेळी बरोब्बर चार आणि पाच नंबरच्या दगडांमधल्या रिकाम्या जागेवर टेकलं होतं.

"रासायनिक तपासणी लागेल," सर म्हणाले. ती झाली. दिवाळीनंतर कागद आला आणि त्यानं शामलाताईंचंच म्हणणं उचलून धरलं. त्या दिवशी विभागात पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. पण माझा दिवस तो नव्हे. माझा दिवस तो शुक्रवार.

कारण त्या शुक्रवारी सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "जयवंताबाई, चूक माझी झाली. मेमो मागे घेतो. शेराही चांगलाच लिहीन."

दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. मी म्हटलं, "असं नका करू, सर. मागं घेतला तं तो फाटून जाईन. त्याच्याच खाली लिहून द्या. अन् मराठीत लिहा. माह्या बापूजीले वाचता आलं पाह्यजे."

सरांनी माझ्याकडं पाहिलं, पेन काढलं आणि लिहिलं, 'चकत्या निष्काळजीपणामुळे गेल्या नाहीत. दगड वेगळा होता, तो आम्हांला ओळखता आला नाही. तो प्रथम जयवंताबाईंनी ओळखला.' खाली सही केली.

मी तो कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि परत त्यांच्यापुढं ठेवला.

"नंबर राह्यले, सर," मी म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा उघडलं आणि लिहिलं, पाच, सहा, सात.