माझं झाकून ठेवलंय

मित्रांनो, मी एक जुनी झाकणी आहे. ज्या पातेल्याबरोबर मी जन्माला आले, ते बूड गळून केव्हाच भंगारात गेलं आणि मी मागे उरले. तुमच्याही घरात अशी एखादी असेल, कोणत्याच भांड्याला नीट न बसणारी आणि तरी कोणी टाकून न देणारी. मी ॲल्युमिनियमची आहे, चांगली खोलगट. एका बाजूला मला पोचा आला आहे आणि डोक्यावर मूठ म्हणून दोऱ्याचं लाकडी रीळ आहे. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फार नाही.

कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर एक दणका बसला आणि मी झाले. दुकानातून मला एका गवंड्याने नेलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको घरी बसून कपड्यांना काजं-बटणं करायची. पहिल्याच वर्षी माझी मूठ निखळली, तेव्हा गवंडी म्हणाला, "नवीन आणू." ती म्हणाली, "नवीन कशाला? डोकं शाबूत आहे, नुसती शेंडी गेलीये." आणि तिने संपलेल्या दोऱ्याचं रीळ स्क्रूने माझ्यावर बसवलं. त्या दिवसापासून मी तिची झाले.

त्या घरात रोजचं जेवण साधंच असे. भात, कांद्याचा रस्सा, उकडलेले बटाटे, कधी पालेभाजी, आठवड्यातून एकदा अंडी. पण गरम असे आणि पोटभर असे. पुढे दोन मुली झाल्या. थोरली शांत आणि विचारी. धाकटी मात्र सदा भुकेली, म्हणून तिचं नाव पडलं पोटोबा. गवंड्याला कामावरून यायला उशीर व्हायचा. मग त्याची बायको त्याचं ताट वाढून वर मला ठेवायची. भरल्या ताटावर मी बसले की आवाज होत नाही. अन्नाच्या उबेत मी गप्प बसून राही आणि माझ्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमत. मला विचाराल तर तेच माझं सोन्याचं आयुष्य होतं.

एकदा पोटोबाने मला हळूच उचललं आणि बाबांच्या ताटातलं अंडं फस्त केलं. आईने मारलं नाही, पण दोघी मुलींना समोर बसवलं.

"झाकलेलं ताट म्हणजे त्या माणसाची मूठ," ती म्हणाली. "दुसऱ्याची मूठ आपण उघडायची नाही. कितीही भूक लागली तरी नाही. कळलं?"

मुलींना कळलं. इतकं कळलं की पुढे त्या घरात माझ्या रिळाला माझ्या मालकिणीशिवाय कोणी बोटही लावलं नाही. चांगली सवय होती ती. आज मला त्या सवयीची भीती वाटते.

मग गवंडी बांधकामाच्या परांचीवरून पडला. जीव वाचला, पण कंबर गेली. डॉक्टरांनी सहा महिने पडून राहायला सांगितलं. घर आता काजांवर आणि बटणांवर चालू लागलं. आधी अंडी बंद झाली, मग पालेभाजी. रस्सा पातळ होत गेला, इतका की पोटोबा म्हणाली, "आई, यात माझं तोंड दिसतं." सगळे हसले. आईही हसली. तिने पातेल्यातला भात तिघांच्या ताटांत वाढला, आणि पातेल्यात नुसती खरवड उरली.

"तू?" गवंड्याने पडल्या पडल्या विचारलं.

"माझं झाकून ठेवलंय. एवढी दहा काजं झाली की बसते."

मित्रांनो, त्या संध्याकाळी तिने एक ताट घेतलं, ते पुसलं आणि वर मला ठेवलं. माझ्याखाली काहीच नव्हतं. मी खोलगट असले तरी ताटाच्या काठांमध्ये पार खाली बसले. रिकामं ताट लपेना. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मला उचललं, एक जड वाटी पालथी ठेवली आणि तिच्यावर मला टेकवलं. आता मी ऐटीत उंच दिसू लागले, खाली भाताचा ढीग असावा तशी. सगळे झोपायच्या तयारीला लागल्यावर तिने खरवड काढली, पाण्यात कालवली आणि पाठमोरी बसून खाल्ली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत काय होतं ते फक्त मला ठाऊक होतं. मी स्वतः खोटं बोलले नाही, पण तिच्या खोट्यावर रोज पांघरूण घातलं. मला वाचा नव्हती. एकच गोष्ट मला करता येई. पालथ्या वाटीवर मला ठेवलं की 'टण्' असा आवाज व्हायचा. भरल्या ताटावर तो कधी होत नाही. रोज संध्याकाळी मी जीव तोडून तो टण् करायची. कोणाला तरी कळेल असं मला वाटायचं. पण रोजचा आवाज कोण ऐकतं?

थोरली ऐकत होती. तिने त्याचा वेगळाच अर्थ लावला.

शेजारच्या काकूंनी एकदा एक अंडं दिलं. आईने ते उकडून दोघींना अर्धं अर्धं दिलं. थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने आपला अर्धा भाग एका घासात संपवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि हिच्याखाली काय आहे? रोज वाटीचा आवाज येतो. आम्हाला पाणचट आणि तू मागून एकटीच जेवतेस! अख्खं अंडं असेल तुझं!"

आईच्या हातातली सुई थांबली. गवंडी ओरडला, "आईला असं बोलतात?" पण आईच हसली.

"हो तर! मोठ्या माणसांना लागतं बाई जास्त."

त्यावर थोरली दोन दिवस आईशी नीट बोलली नाही. तिचं तरी काय चुकलं? अर्ध्या अंड्याने भूक भागत नाही, चाळवते. मला मात्र तिचा राग आला होता, आणि आईचाही. खरं सांगून टाकलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? काकूंनी दोन घास जास्त दिले असते. पण हात पसरणं तिला जमलं नाही, आणि मुलींच्या घासात आपल्यामुळे कमी पडलेलं बघणं तर त्याहून नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना वाढून झालं, माझा टण् झाला, आणि काजं करता करता ती बसल्या जागी कोसळली. काकू आणि त्यांच्या यजमानांनी तिला दवाखान्यात नेलं. थोरली सोबत गेली. तिथे डॉक्टरांनी विचारलं, "आई काय खाते?"

"आमच्या मागून जेवते," थोरली म्हणाली. "झाकून ठेवते. आज जेवायची राहिलीये."

"मग तिच्या पोटात काहीतरी जायला हवं," डॉक्टर म्हणाले.

थोरली धावत घरी आली. ताटावर मी होते. आईचं जेवण आहे, गरम नसलं तरी आईला आवडणारं असेल, असं तिला वाटलं असावं. कदाचित तिला आपलं बोलणंही भरून काढायचं होतं. तिने मला उघडलं नाही, शिकवलंच होतं तसं. मोठ्या फडक्यात ताट आणि मला मिळून बांधलं, गाठ मारली आणि दोन्ही हातांवर सपाट धरून निघाली. गल्ली, चौक, दवाखान्याच्या पायऱ्या. इतकं जपून मला कोणी कधी नेलं नव्हतं. वाटी हलली की ती थांबायची आणि पुन्हा हळू चालायची. दारावरच्या माणसाचा धक्का लागला तेव्हा ती म्हणाली, "जरा हळू हो काका, आत रस्सा आहे. सांडेल."

मी त्या गाठोड्यात होते. त्या क्षणी मला रस्सा होता आलं असतं तर मी झाले असते.

आई डोळे उघडून पडली होती. थोरलीने ताट खाटेवर ठेवलं आणि गाठ सोडली.

"आई, तुझं जेवण आणलंय. उघडू का? तुझंच आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. मग लेकीकडे. तिचे ओठ हलले.

"राहू दे. मागून खाते."

"मागून काय मागून?" नर्सबाई म्हणाल्या. "आत्ता खायचं." आणि त्यांनी मला उचललं.

 थोरली त्या पालथ्या वाटीकडे बघत राहिली. मग तिने ती सुलटी केली आणि आत बघितलं. वाटीखाली तरी काही असेल असं त्या पोरीला वाटलं. ताट कोरडं होतं, पुसलेलं होतं. आईने हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "वेडी," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी नळ्या लावल्या, इंजेक्शनं दिली. पण अंगात काही उरलंच नव्हतं. दोन दिवसांनी माझी मालकीण गेली.

त्यानंतर माझा उपयोग कोणी केला नाही, आणि मला टाकूनही दिलं नाही. गवंडी पुढे उठून बसला, हलकी कामं करू लागला, मुली मोठ्या झाल्या. थोरली आता टपाल कचेरीत आहे, तिला नवरा आहे, मुलगी आहे. तिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या झाकण्या आरपार दिसणाऱ्या काचेच्या आहेत. मी खिळ्यावर टांगलेली असते. त्या घरात सगळे एकत्र जेवतात, आणि कोणी पुढेमागे जेवलंच तर थोरली विचारते, "जेवलात? ताट दाखवा." नवरा म्हणतो, "ही आमची जेवणाची झडती घेते." तो थट्टा करतो, पण ताट दाखवतो.

परवा कचेरीत काम निघालं आणि तिला घरी यायला उशीर झाला. काचेच्या झाकण्या धुवायला पडल्या होत्या, म्हणून तिच्या मुलीने खुर्चीवर चढून मला खिळ्यावरून काढलं, धुतलं आणि आईच्या ताटावर ठेवलं. टण् झाला नाही. माझ्याखाली ऊब होती, आणि इतक्या वर्षांनी माझ्या आत थेंब जमले.

थोरली आली आणि मला ताटावर बघून दारातच थांबली.

"आई, उघड ना. गार होतंय."

तिचा हात रिळापर्यंत आला आणि मागे गेला.

"हिच्याखाली काय ठेवलंयस?"

"तुझं जेवण. आणखी काय असणार?"

तिने मला उचललं. भात होता, बटाटे होते आणि एक अख्खं अंडं होतं.

"तू खाल्लंस अंडं?"

"हो गं."

"ताट दाखव."

पोरीने धुवायच्या भांड्यांतून आपलं ताट काढून आणलं. त्यावर पिवळा बलक वाळला होता. थोरलीने त्यावरून बोट फिरवलं, आणि मग ती लहान मुलीसारखी रडली. पहिला घास तिने घेतला तेव्हा सगळं गार झालं होतं.

मित्रांनो, माझं आता काही मागणं नाही, मला घासूनपुसून ठेवा असंही मी म्हणत नाही. फक्त घरात कोणी म्हणालं, "तुम्ही जेवा, माझं झाकून ठेवलंय," तर शहाण्यासारखी मान डोलवू नका. उठा आणि झाकणी उचलून बघा. खाली जेवण असलं तर थोडी वाफ जाईल, एवढंच. वाफ गेली तरी चालते.